शिकवायचे जंगल आणि कमवायचे जंगल : न्यूयॉर्कच्या पहिल्या वनशास्त्र महाविद्यालयाचे प्रकरण

मे १९०३ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर बेंजामिन ओडेल यांनी विधिमंडळाने मंजूर केलेल्या एका अनुदानावर नकाराधिकार वापरला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच कॉर्नेल विद्यापीठातील न्यूयॉर्क राज्य वनशास्त्र महाविद्यालयाला टाळे लागले. वनशास्त्राचा चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून पदवी देणारे अमेरिकेतील ते पहिलेच महाविद्यालय होते. ते सुरू होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती, विद्यार्थी वाढत होते आणि अध्यापकवर्ग त्या काळी त्या देशात मिळू शकणाऱ्यांपैकी उत्तम होता. टीकेचा रोख शिकवण्यावर नव्हता. तो होता वर्गखोल्यांपासून फार दूर, राज्याच्या उत्तरेकडील ॲडिरॉन्डॅकच्या डोंगराळ भागात महाविद्यालयाला दिलेल्या ३०,००० एकर जंगलावर आणि तिथे चाललेल्या तोडीवर.

आठ वर्षांनी त्याच राज्याने त्याच नावाचे महाविद्यालय सिरॅक्यूज येथे नव्याने स्थापन केले. हे दुसरे महाविद्यालय टिकले, १९४८ मध्ये राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात सामील झाले आणि १९७२ पासून पर्यावरणविज्ञान व वनशास्त्र महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. एकाच राज्यात, एकाच विषयासाठी, एकाच तिजोरीतून काढलेल्या दोन संस्थांपैकी पहिली का मोडली आणि दुसरी का तगली, हा या प्रकरणाचा विषय आहे. पहिल्या संस्थेच्या अपयशाचे खापर बहुधा राजकारणावर किंवा श्रीमंत शेजाऱ्यांच्या हट्टावर फोडले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. माझ्या मते मूळ दोष रचनेत होता : जमिनीच्या एकाच तुकड्यावर शिकवण्याचे, प्रयोगाचे आणि स्वतःचा खर्च भागवण्याचे अशी तीन कामे एकाच वेळी लादली गेली, आणि त्यांपैकी तिसऱ्या कामाने उरलेल्या दोघांची गती ठरवून टाकली.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲडिरॉन्डॅकमधील लाकूडतोड एवढी वाढली होती की नद्या आणि कालव्यांच्या पाण्याची चिंता व्यापाऱ्यांनाही वाटू लागली. हडसन नदीचा उगम याच डोंगरांत आहे, आणि तोडीमुळे झरे आटतील, पूर वाढतील, कालव्यांतली वाहतूक अडेल, ही भीती वनरक्षणाच्या बाजूने उभी राहिली. १८८५ मध्ये राज्याने कायद्याने वनराखीव क्षेत्र निर्माण केले, १८९२ मध्ये ॲडिरॉन्डॅक पार्कची हद्द आखली आणि १८९४ मध्ये राज्यघटनेतच एक कलम घातले. राखीव क्षेत्रातील राज्याच्या मालकीच्या आणि पुढे मालकीत येणाऱ्या जमिनी कायमच्या रानटी जंगल म्हणून राखल्या जातील, त्या विकल्या किंवा भाडेपट्ट्याने दिल्या जाणार नाहीत आणि त्यांवरील लाकूड विकले, हलवले किंवा नष्ट केले जाणार नाही, असे ते कलम सांगते. सरकारी अधिकाऱ्यांवर विश्वास उरला नव्हता, म्हणून कायद्याऐवजी थेट घटनेचे कुलूप घातले गेले. पुढे जे घडले ते समजून घेण्यासाठी हा अविश्वास लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

या कलमाने तोड थांबवली, पण त्याबरोबर शास्त्रीय वनव्यवस्थापनही राज्याच्या जमिनीवर अशक्य करून टाकले. झाड वाढवून, योग्य वेळी तोडून, पुन्हा लावण्याची विद्या जर्मनीत आणि फ्रान्समध्ये शतकभर शिकवली जात होती. जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस यांनी तीच भारतात आणली होती आणि १८७८ मध्ये देहरादूनला वनशाळाही सुरू झाली होती. अमेरिकेत मात्र तोपर्यंत असे शिक्षण देणारी संस्था नव्हती. कॉर्नेलचे अध्यक्ष जेकब गूल्ड शर्मन यांनी पुढाकार घेतला, गव्हर्नर फ्रँक ब्लॅक यांना ती कल्पना पटली आणि १८९८ च्या वसंतात विधिमंडळाने कायदा केला. त्याच वर्षी उत्तर कॅरोलायनात कार्ल शेंक यांची बिल्टमोर वनशाळा सुरू झाली, पण ती खाजगी होती आणि तिचा अभ्यासक्रम छोटा होता. विद्यापीठाची पदवी, तीही सरकारी पैशावर, हा प्रयोग न्यूयॉर्कचाच.

कायद्यातील सर्वांत धाडसी तरतूद जमिनीची होती. कॉर्नेलने ३०,००० एकरांपर्यंत जंगल राज्याच्या पैशाने विकत घ्यायचे, तीस वर्षे त्याची मालकी विद्यापीठाकडे राहायची आणि नंतर ती राज्याकडे जायची. या काळात विद्यापीठाने तिथे वनशास्त्राचे प्रयोग करावेत, झाडे लावावीत, वाढवावीत, तोडावीत आणि विकावीतही, अशी मुभा कायद्याने स्पष्ट शब्दांत दिली. राज्याच्या नावावर जमीन असती तर घटनेच्या कलमाने एक झाडही तोडता आले नसते. विद्यापीठाच्या नावावर ती ठेवल्याने ही अडचण टळते, असा हिशेब होता. कागदावर तो चोख दिसतो. पण पैसा राज्याचा, शेवटची मालकीही राज्याची आणि मधली तीस वर्षे तेवढी दुसऱ्याच्या नावावर, हा प्रकार घटनेला बगल देणारा आहे असे पुढे कोणालातरी वाटणार हे तेव्हाच दिसायला हवे होते.

संचालक आणि अभ्यासक्रम

महाविद्यालयाचे संचालक म्हणून बर्नहार्ड एडवर्ड फर्नो आले. त्यांचा जन्म १८५१ चा, प्रशियातला. म्युंडेनच्या वन अकादमीत शिकून ते १८७६ मध्ये अमेरिकेत आले, पेनसिल्व्हेनियात लोखंडाच्या भट्ट्यांना कोळसा पुरवणारे जंगल त्यांनी सांभाळले आणि १८८६ ते १८९८ या काळात केंद्र सरकारच्या कृषी खात्यातील वनविभागाचे ते प्रमुख होते. त्यांच्या जागी तिथे गिफर्ड पिंचो आले. फर्नो यांची विद्वत्ता आणि चिकाटी वादातीत होती. मात्र ज्या व्यवस्थेत ते घडले तिथे वनाधिकाऱ्याचा निर्णय हाच अंतिम असे आणि त्याचे स्पष्टीकरण शेजारच्या बंगलेवाल्याला द्यावे लागत नसे.

त्यांच्या जोडीला फिलिबर्ट रॉथ आणि म्युनिकहून वनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले जॉन गिफर्ड हे सहायक प्राध्यापक होते. अभ्यासक्रमाची मांडणी आजही ओळखीची वाटेल : आरंभी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचा पाया, आणि त्यावर वनसंवर्धन, वृक्षमापन, वनव्यवस्थापन, लाकडाचा उपयोग आणि वनाचे वित्त असे व्यावसायिक विषय. प्रत्यक्ष कामासाठी विद्यार्थी कॉर्नेल जिथे आहे त्या इथाकाहून ॲक्स्टनला जात. अपर सॅरनॅक तलावाजवळची ही जुनी लाकूडतोड्यांची वस्ती महाविद्यालयाच्या जंगलाचे ठाणे झाली होती. तिथे रोपवाटिका होती, जिच्या वाफ्यांमध्ये व्हाइट पाइन आणि युरोपीय नॉर्वे स्प्रूस या सूचिपर्णी झाडांची रोपे वाढत होती. पुस्तकात वाचलेला कूप, म्हणजे एका वेळी तोडायचा जंगलाचा तुकडा, जमिनीवर कसा आखतात, उभ्या झाडात किती लाकूड आहे याचा अंदाज कसा बांधतात, तोड आणि वाहतुकीचा खर्च कसा मांडतात, हे तिथे डोळ्यांनी पाहता येई. राल्फ ब्रायंट यांना १९०० मध्ये पदवी मिळाली. वनशास्त्राची पदवी घेणारे ते अमेरिकेतील पहिले पदवीधर. पुढच्या वर्षी राफाएल झॉन बाहेर पडले आणि नंतर केंद्रीय वनसेवेतील संशोधनाची उभारणी करणाऱ्यांत त्यांची गणना झाली. १९०२ मध्ये याच महाविद्यालयातून वनशास्त्राचे एक त्रैमासिक सुरू झाले, जे पुढे व्यवसायाच्या मुख्य नियतकालिकात विलीन झाले. शिक्षणसंस्था म्हणून विचार केला तर पाच वर्षांत याहून अधिक अपेक्षा ठेवणे कठीण आहे.

ॲक्स्टनची योजना

सगळे अडले ते जंगलाच्या योजनेत, आणि म्हणून ती जरा बारकाईने पाहावी लागेल.

घेतलेले जंगल अस्पर्श नव्हते. आधीच्या लाकूड कंपन्यांनी त्यातील व्हाइट पाइन आणि स्प्रूस हे मऊ लाकूड बरेचसे काढून नेले होते. याचे कारण साधे होते. पाइन आणि स्प्रूसचे ओंडके हलके असल्याने नदीत सोडले की पाण्यावर तरंगत गिरणीपर्यंत जात. शुगर मेपल, बीच आणि यलो बर्च यांचे ओंडके जड असतात. ते बुडतात किंवा काठाला अडकून बसतात, म्हणून रेल्वे नसलेल्या भागात त्यांना काही किंमत नव्हती आणि तोडणाऱ्यांनी ते जागेवरच सोडले. परिणामी जंगलात रुंदपर्णी झाडांचे प्रमाण वाढले, आणि त्यांतली कित्येक झाडे जुनी, पोकळ आणि वेडीवाकडी होती.

फर्नो यांचा विचार असा होता की बाजारात मागणी असलेल्या सूचिपर्णी झाडांचे जंगल पुन्हा उभे करायचे तर ही रुंदपर्णी झाडे काढून जागा मोकळी केली पाहिजे. विरळ तोड करून भागणार नाही. कूप सरसकट तोडायचा आणि लगेच तिथे व्हाइट पाइन व नॉर्वे स्प्रूसची रोपे लावायची. मध्य युरोपातील स्प्रूसच्या जंगलांत ही रीत रुळलेली होती. पण ॲडिरॉन्डॅकच्या मेपल-बीच-बर्च जंगलाची प्रकृती वेगळी आहे. मेपल आणि बीचची रोपे सावलीत तग धरतात आणि मोठ्या झाडांच्या आधाराने वर येतात, त्यामुळे आज त्या भागात वनसंवर्धनाचे विद्यार्थी निवड तोड (निवडक झाडेच काढणे) किंवा टप्प्याटप्प्याने वरच्या फांद्यापानांचे छत्र उघडण्याच्या पद्धती शिकतात. सरसकट तोडीनंतरही तिथे जंगल येतेच, फक्त ते मालकाला हवे ते नसते. लावलेल्या रोपांना मूळच्या झाडांच्या फुटव्यांशी झगडावे लागते. तरीसुद्धा फर्नो यांची पद्धत अज्ञानातून आलेली नव्हती. लाकडाच्या बाजाराकडे पाहून, जाणूनबुजून घेतलेला तो निर्णय होता. प्रयोग म्हणून त्यात काही गैर नव्हते, फक्त प्रयोगाला साजेसा तो लहान असायला हवा होता.

तो लहान राहू शकला नाही, कारण जड लाकूड बाहेर नेण्यासाठी रेल्वे हवी आणि रेल्वे बांधायची तर मोठा गिऱ्हाईक हवा. महाविद्यालयाने ब्रुकलिन कूपरेज कंपनीशी १५ वर्षांचा करार केला. ही कंपनी साखर उद्योगासाठी पिंपे बनवत असे. चांगल्या ओंडक्यांपासून पिंपांच्या फळ्या काढायच्या आणि उरलेल्या जळाऊ लाकडापासून बंद भट्टीत लाकडी अल्कोहोल व कोळसा मिळवायचा, अशी व्यवस्था टपर लेक येथे उभी राहिली. ॲक्स्टनपासून तिथपर्यंत सुमारे सहा मैलांचा लोहमार्ग टाकला गेला. झाडाचा जवळपास प्रत्येक भाग उपयोगात आणणारी ही योजना अभियांत्रिकीच्या दृष्टीने नीटस होती. विद्यार्थ्यांना लाकडाच्या उपयोगाचा एवढा संपूर्ण धडा त्या वेळी अमेरिकेत दुसरीकडे कुठे मिळाला असता, असे वाटत नाही.

पण या नीटसपणाची किंमत होती. कारखाना आणि लोहमार्ग उभा राहिला की त्याला रोज लाकूड लागते. ठरलेला पुरवठा करणे महाविद्यालयाला बंधनकारक झाले, म्हणजे दरवर्षी किती एकर तोडायचे हे आता रोपवाटिकेत किती रोपे तयार आहेत यावरून ठरत नव्हते, कारखान्याच्या भुकेवरून ठरत होते. लागवड तोडीच्या मागे पडणार हे त्यातच ठरून गेले. वनव्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षात विद्यार्थ्याला जे शिकवले जाते, की तोडीचा वेग पुनरुत्पत्तीच्या वेगाशी बांधलेला असावा, तेच त्याच्या स्वतःच्या महाविद्यालयाच्या जंगलात पाळता येईना.

इथे चार वेगवेगळ्या मुदती एकमेकांवर आदळत होत्या. अनुदान दरवर्षी नव्याने मागायचे, पुरवठ्याचा करार पंधरा वर्षांचा, जमिनीची मालकी तीस वर्षांची आणि लावलेला स्प्रूस तोडीला येण्यासाठी लागणारा काळ ऐंशी-शंभर वर्षांचा. ज्या पिकावर संपूर्ण योजनेचे समर्थन अवलंबून होते ते पीक हाती येईपर्यंत मालकही बदललेला असणार होता आणि करार तर केव्हाच संपलेला असणार होता. अनुदान मात्र विधिमंडळाच्या दर अधिवेशनात मागावे लागणार होते, आणि दाखवायला जवळ होते ते फक्त तोडलेले कूप आणि गुडघ्याएवढी रोपे.

शेजारी

अपर सॅरनॅक तलावाच्या काठावर न्यूयॉर्क शहरातील बँकमालक आणि व्यापारी यांची उन्हाळी निवासस्थाने होती. डोंगर, पाणी आणि गर्द झाडी यांसाठी त्यांनी तिथे मोठा पैसा ओतला होता. त्यांना दिसले ते असे : त्यांच्या तलावाजवळ, सार्वजनिक पैशाने घेतलेल्या जमिनीवर, एका शिक्षणसंस्थेच्या नावाने, जंगल बुंध्यापासून साफ केले जात आहे, उरलेल्या फांद्या-शेंड्यांचे ढीग जाळल्याने धूर येत आहे आणि लाकूड मात्र पिंपांच्या कारखान्यात जात आहे. फर्नो यांच्या दृष्टीने ही नव्या जंगलाची सुरुवात होती. शेजाऱ्यांच्या दृष्टीने, वीस वर्षे लाकूड कंपन्यांनी जे केले तेच आता प्राध्यापक करत होते. दोघांचेही म्हणणे डोळ्यांसमोरच्या वस्तुस्थितीला धरून होते.

या लोकांना न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत आणि राजधानी ऑल्बनीत कसे पोहोचायचे हे ठाऊक होते. त्यांनी संघटित तक्रारी केल्या, विधिमंडळात चौकशीची मागणी झाली आणि घटनेतील १८९४ च्या कलमाचा हवाला दिला गेला. फर्नो यांनी उत्तरे दिली, पण ती तज्ज्ञाने तज्ज्ञाला द्यावीत तशी होती. जंगल म्हणजे काय, ते कशासाठी राखायचे, हा वाद लाकडाच्या घनफुटांत सुटणारा नव्हता. एका गोष्टीची मला खास नवल वाटते : ३०,००० एकरांपैकी तलावाच्या काठाचा आणि रस्त्यालगतचा पट्टा न तोडता राखून, पहिली काही वर्षे आतल्या कुपांवर काम सुरू ठेवणे कठीण नव्हते. जर्मन वनशास्त्रालाही सौंदर्यासाठी राखलेल्या जंगलाची कल्पना परकी नव्हती. अशी तडजोड विरोध संपवू शकली असती असे नाही, पण पहिल्या पाच वर्षांसाठी तरी तिने वेळ मिळवून दिला असता.

निर्णय

गव्हर्नर ओडेल यांनी अनुदान नाकारताना दिलेले कारण थोडक्यात असे होते की महाविद्यालयाच्या कामामुळे राज्याची वनभूमी उघडी पडली आणि त्याबदल्यात राज्याला लाभ झाला नाही. १९०३ चा तो वसंत ॲडिरॉन्डॅकसाठी भयानक होता. एप्रिल ते जून या काळात कोरड्या हवामानात लागलेल्या आगींनी त्या प्रदेशात चार लाख एकरांहून अधिक जंगल खाक केले, आणि रेल्वे इंजिनांच्या ठिणग्या व तोडीनंतर पडलेला कोरडा कचरा ही त्यांची मोठी कारणे होती. नकाराधिकाराचा निर्णय या आगींमुळे झाला असे म्हणण्यास आधार नाही. पण तोडलेला कूप, कचऱ्याचे ढीग आणि लोहमार्ग या तीन गोष्टींकडे लोक त्या महिन्यांत कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना करता येते.

अनुदान थांबल्यावर कॉर्नेलच्या विश्वस्तांनी महाविद्यालय बंद केले. रॉथ मिशिगन विद्यापीठात गेले. फर्नो काही वर्षे सल्लागार म्हणून काम करून १९०७ मध्ये टोरंटो विद्यापीठातील नव्या वनशास्त्र शाखेचे पहिले अधिष्ठाता झाले. विद्यार्थ्यांपैकी काहींनी येल आणि मिशिगनची वाट धरली. कंपनीशी झालेला करार मात्र एका सहीने संपणारा नव्हता. तो रद्द ठरवून घेण्यासाठी राज्याला न्यायालयात जावे लागले आणि कज्जा महाविद्यालय बंद झाल्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला. शिक्षणसंस्थेचा जीव पाच वर्षांचा आणि तिच्या पुरवठा-कराराचा त्याहून दीर्घ, ही विसंगती प्रशासन शिकवणाऱ्या कोणालाही उदाहरण म्हणून वापरता येईल.

दुसरा प्रयत्न

सिरॅक्यूज विद्यापीठात राज्याचे वनशास्त्र महाविद्यालय स्थापन करण्याच्या कायद्यावर गव्हर्नर जॉन डिक्स यांनी २८ जुलै १९११ रोजी सही केली. यामागे विद्यापीठाचे कुलपती जेम्स डे आणि विश्वस्त लुई मार्शल हे होते. मार्शल यांची भूमिका या प्रकरणाला विलक्षण वळण देते. ते घटनातज्ज्ञ वकील होते, १८९४ च्या घटनापरिषदेचे सदस्य होते, रानटी जंगलाच्या कलमाचे कट्टर पाठीराखे होते आणि लोअर सॅरनॅक तलावावर त्यांचे स्वतःचे उन्हाळी घर होते. म्हणजे ॲक्स्टनच्या विरोधकांच्या वर्तुळातील माणूसच नव्या महाविद्यालयाचा आधारस्तंभ झाला. यात विरोधाभास दिसतो, पण तो वरवरचा आहे. राखीव जंगलाला हात लावू नये आणि इतरत्र जंगल शास्त्राने वाढवावे, या दोन मागण्या एकत्र नांदू शकतात, फक्त त्या एकाच जमिनीवर मांडायच्या नाहीत. त्यांचा मुलगा रॉबर्ट मार्शल १९२४ मध्ये याच महाविद्यालयातून वनशास्त्राचा पदवीधर झाला, केंद्रीय वनसेवेत गेला आणि १९३५ मध्ये रानटी प्रदेशांच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या वाइल्डरनेस सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक ठरला.

पहिले अधिष्ठाता विल्यम ब्रे हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १९१२ पासून धुरा ह्यू बेकर यांच्याकडे आली. या संस्थेला आरंभी ॲडिरॉन्डॅकमध्ये हजारो एकर उभे जंगल दिले गेले नाही, आणि हे तिचे भाग्य म्हणायला हवे. १९१२ मध्ये वानाकीना येथे वनरक्षक आणि तंत्रज्ञ घडवणारी शाळा सुरू झाली, तिला रिच लंबर कंपनीने १,८१४ एकर जमीन देणगी दिली. या कंपनीने सुमारे दहा वर्षांत तिथले लाकूड काढून घेतले होते आणि ती गाव सोडून निघाली होती. म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला तोडलेली, उघडी पडलेली जमीन आली. ॲक्स्टनच्या विद्यार्थ्याने जंगल पडताना पाहिले आणि त्याचा दोष त्याच्या संस्थेला लागला. वानाकीनाचा विद्यार्थी दुसऱ्याने तोडलेल्या जागेवर आला, त्याने तिथे मोजणी केली, आखणी केली, रोपे लावली, आणि दरवर्षी जंगल थोडे वाढलेलेच दिसले. शिकण्याचा मजकूर फारसा बदलला नव्हता, बदलला होता तो लोकांना दिसणारा भाग. उत्पन्नाची अटही तिथे नव्हती, त्यामुळे कोणत्या वर्षी किती काम करायचे हे अभ्यासक्रमावरून ठरवता येत होते.

पुढच्या दोन दशकांत महाविद्यालयाने वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या जागा मिळवल्या. क्रॅनबेरी लेकवर १९१५ पासून उन्हाळी क्षेत्रशिबिर भरू लागले. १९२७ मध्ये चार्ल्स लॅथ्रप पॅक यांच्या प्रतिष्ठानामार्फत वॉरन्सबर्ग येथे एक प्रात्यक्षिक जंगल मिळाले, जिथे लोकांना आणि खाजगी जमीनमालकांना व्यवस्थापित जंगल कसे असते हे दाखवायचे होते. १९३२ मध्ये आर्चर आणि ॲना हंटिंग्टन यांनी न्यूकमजवळील हजारो एकर जंगल वन्यजीव आणि परिसंस्थांच्या संशोधनासाठी दिले. ही विभागणी कोणी ॲक्स्टनचा अनुभव समोर ठेवून आखली असे म्हणता येणार नाही. बरीचशी ती देणगीदारांच्या इच्छेने घडली. पण परिणाम असा झाला की प्रशिक्षण, प्रात्यक्षिक आणि संशोधन यांना आपापली जमीन आणि आपापली गती मिळाली, आणि यांपैकी एकाही जंगलावर संस्थेचा पगार काढण्याचा भार पडला नाही.

उरलेला वादाचा मुद्दा

या प्रकरणात एक प्रश्न खरोखरच सुटलेला नाही, तो म्हणजे फर्नो यांचे वनसंवर्धन बरोबर होते की चूक. त्यांच्या काळात केलेल्या लागवडीचा एक भाग अपर सॅरनॅक तलावाच्या परिसरात आजही उभा आहे आणि राज्याच्या पर्यावरण खात्याने त्यातून पायवाट काढली आहे. व्हाइट पाइन आणि नॉर्वे स्प्रूस तिथे उंच वाढले आहेत, म्हणजे रोपे जगली आणि माती त्यांना मानवली एवढे नक्की. पण आर्थिक पिकाचा प्रयोग म्हणून त्यांचे मूल्यमापन करायचे तर ठराविक काळाने विरळणी व्हायला हवी होती, तोडीच्या वेळी लाकूड मोजून खर्च आणि व्याजाशी ताळा मांडायला हवा होता, आणि शेजारी न तोडलेल्या मेपल-बर्चचा तुलनेचा तुकडा राखायला हवा होता. जमीन राखीव क्षेत्रात गेल्यानंतर तिलाही घटनेचे तेच कलम लागू झाले, आणि तोडण्यासाठी लावलेली झाडे आता तोडता येत नाहीत. त्यामुळे फर्नो यांनी मांडलेले गणित ज्या जमिनीवर तपासले जायचे होते, तिथे ते तपासण्याची सोय राहिलेली नाही.